खिडकीत बाई असेल तरच आत शिरा

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, फ्लशिंगला, एक चिनी डंपलिंगचं दुकान आहे. डंपलिंग म्हणजे मैद्याच्या पारीत सारण भरून शिजवलेला पदार्थ. तिथे गेलात की आधी खिडकीत बघा. दाराच्या डाव्या अंगाला काचेमागे पिठाने पांढरं झालेलं एक टेबल आहे. त्या टेबलाशी निळ्या टोपीतली बाई बसलेली दिसली तर बिनधास्त आत जा. टेबल पुसून लख्ख असेल आणि बाई नसेल, तर तसेच पुढे चालू लागा. त्या दिवशी तुमच्या ताटलीत फ्रीजरमधला माल येणार. नऊ वर्षं तिथे खातेय, म्हणून सांगते. एवढं लक्षात ठेवलंत तर बाकीचं नाही वाचलंत तरी चालेल.

मी मूळची ठाण्याची, नौपाड्यातली. २२ वर्षं झाली क्वीन्समध्ये राहतेय, एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दुपारपाळी करते. तीनला कामावर हजर व्हायचं म्हणजे बाराच्या सुमाराला काहीतरी पोटभर, झटपट आणि खिशाला सोसेल असं खायला हवं. डबा? केला इतकी वर्षं. मुलगा कॉलेजला गेल्यापासून एकटीसाठी कणीक मळायचा कंटाळा येतो, त्यात लाज कसली.

फ्लशिंग मराठी माणसाला माहीत असतं ते बहुतेक बाउन स्ट्रीटवरच्या गणपतीमुळे. १९७७ सालचं देऊळ, खाली तळघरात कँटीन, तिथला डोसा. न्यू जर्सीतल्या एडिसनहून गाड्या भरभरून मंडळी येतात, दर्शन घेतात, डोसा खातात आणि पार्किंगवरून वाद घालत परत जातात. तिथून पंधरा-वीस मिनिटं चाललं की मेन स्ट्रीट लागतो, तिकडे कुणी फिरकत नाही. (संकष्टीला मीसुद्धा डोशावरच थांबते. बाकीच्या दिवशी बाप्पा समजून घेतो.) गाडी नसेल तर ७ नंबरची ट्रेन पकडा आणि झोप लागली तरी घाबरू नका, कारण मेन स्ट्रीट हे तिचं शेवटचं स्टेशन. १९२८ साली ती इथवर आली ती इथेच थांबली. जिने चढून वर आलात की दादरला फुलबाजाराच्या तोंडाशी उभं राहिल्यासारखं वाटतं. फुलांच्या जागी फक्त ड्युरियनची काटेरी फळं आणि जिवंत खेकडे. तिथून मेन स्ट्रीटने लायब्ररीपर्यंत या, म्हणजे किसेना बुलेव्हार्डला फाटा फुटतो तिथवर. दुकान त्या आसपासच्या एका गल्लीत आहे. नाव लिहीत नाही, कारण मला त्याची उणीदुणीही काढायची आहेत. शिवाय पाटीवरचं इंग्रजी नाव माझ्यादेखत दोनदा बदललंय. बाई तीच, टेबलं तीच.

टेबलं पाच, स्टुलं सोळा. लाल प्लास्टिकची, पाठ नसलेली. गुडघे दुखणाऱ्यांनी भिंतीकडची जागा धरावी, उठताना टेकू मिळतो. एका भिंतीवर फोटोंचा मेन्यू, उन्हाने निळा पडलेला, त्यातले टोमॅटोसुद्धा जांभळे दिसतात. खिडकीत आरोग्य खात्याचं अक्षर लटकतं. २०१० पासून न्यूयॉर्कच्या प्रत्येक खाणावळीला हे दारात लावावं लागतं: तपासणीत १३ पर्यंत गुण म्हणजे ए, १४ ते २७ म्हणजे बी. इथे गुण जितके कमी तितकं चांगलं, आपल्या शाळेच्या उलट. या दुकानात बी आहे. मध्यंतरी ए होता, पुन्हा बी आला. मी दिवसभर लोकांच्या नमुन्यांमध्ये जंतू शोधणारी बाई, मला खरं तर हे खटकायला हवं. पण माझ्या डोळ्यांसमोर सारण येतं, भरलं जातं आणि पाच मिनिटांत उकळत्या पाण्यात पडतं. पोट एकदाही बिघडलेलं नाही. संडासाविषयी मात्र विचारू नका. लायब्ररीत जाऊन या आणि मगच बसा.

मागवायचं काय? १४ नंबर. मटणाचे आणि लांब पातीच्या कांद्याचे उकडलेले डंपलिंग, एका ताटलीत बारा. चिनीत यांना ज्याओत्झ म्हणतात, उकडलेले म्हणजे श्वेइज्याओ. 'श्वेइ' म्हणजे पाणी. 'यांग' म्हणजे मेंढी, आणि ते अक्षर ओळखायला अगदी सोपं आहे: डोक्यावर दोन शिंगं. मेन्यूवर शिंगं दिसली की मटण. हे सांगते कारण निम्म्या ओळींचं इंग्रजी भाषांतर नुसतं 'मीट' असं केलंय, आणि चिनी दुकानात नुसतं मीट म्हणजे डुक्कर. बीफही आहे. ज्याला जे चालत नाही त्याने नंबरावर बोट ठेवून दोनदा विचारावं. मी एकदा विचारलं नाही आणि बारा डुकराचे आले. चावल्याबरोबर कळलं, बोलले, तर काही कटकट न करता बदलून दिले. पण वीस मिनिटं गेली आणि मी कामावर उशिरा पोचले.

किंमत साडेनऊ डॉलर. माझ्या पहिल्या वर्षी सहा होती. शहराचा कर धरून १० डॉलर ३४ सेंट होतात. मी बारा ठेवते आणि उठते. फक्त रोख. कार्ड पुढे केलंत तर काउंटरवरचा मुलगा तुमच्याकडे न बघता रस्त्यापलीकडच्या बँकेकडे हात करतो.

आता त्या बाईच्या हाताबद्दल, कारण माझ्या मते पैसे त्याचे आहेत.

आम्ही कायस्थ. आमच्या घरात बाईची पारख खाजाच्या कानवल्यावर व्हायची, आणि कानवल्यातही मुरडीवर. आजी कानवला उचलून कड उजेडाकडे धरायची. मुरड एकसारखी असेल तर काही बोलायची नाही, नसेल तर तो कानवला बाजूला काढून म्हणायची, "हा घरच्यांना." त्यामुळे पहिल्यांदा खिडकीशी उभी राहिले तेव्हा मी सरळ परीक्षकाच्या थाटात बघत होते. बाईने पिठाची वळी ओढली, बोटांनी तोडून सुपारीएवढे गोळे टाकले, तळव्याने चपटे केले. लाटणं आपल्या लाटण्याच्या निम्मंही नाही, वीतभर, मधे फुगीर नाही, सरळ काठी. आपण दोन्ही हातांनी लाटतो आणि पोळी आपोआप फिरते. ही उजव्या तळव्याने लाटणं कडेपासून मध्यापर्यंत ढकलते, परत आणते, आणि दर खेपेला डावा हात चकती थोडीशी फिरवतो. लाटणं मध्यापलीकडे जातच नाही. त्यामुळे पारी कडेला पातळ राहते आणि पोटात जाड, जिथे सारणाचा भार येणार तिथे. सात-आठ खेपांत एक पारी. मोजलंय मी.

इथवर मी खूश होते. मग तिने सारण ठेवलं, पारी दुमडली, दोन्ही हातांच्या अंगठ्यांमध्ये आणि तर्जन्यांमध्ये धरून एकदाच दाबली, आणि संपलं. मुरड नाही, चुण्या नाहीत, काही नाही. पोट फुगलेलं, कड चपटी. मला वाटलं, घाईचं काम, गिऱ्हाइकाला काय कळतंय. आजीने डझनच्या डझन घरच्यांना दिले असते.

चूक माझी होती, आणि ती कळायला मला लॅबमधल्या मैत्रिणीला विचारावं लागलं. ती शेनयांगची, म्हणजे चीनच्या ईशान्येची, जिथे हिवाळ्यात घरोघरी शेकड्याने डंपलिंग करून बाहेर बर्फात गोठवून ठेवायचे. ती म्हणाली, उकडायच्या ज्याओत्झला मुरड घातली तर कड दुप्पट-तिप्पट जाड होते, पोट शिजतं तोवर कड कच्ची राहते आणि दाताखाली कणीक लागते. थंड पाण्यात मळलेलं मैद्याचं कच्चं पीठ, शिजायला मिळणार पाच-सहा मिनिटं. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्या मोदकाची पारी उकडीची, पीठ आधीच शिजलेलं, म्हणून चुण्यांची चैन परवडते. कानवला तळायचा, तिथे जाड मुरड उलट खुसखुशीत होते. पाण्यात सोडायच्या गोष्टीला कड पातळच हवी. शिवाय त्या एका दाबात आत हवा राहता कामा नये, नाहीतर उकळताना फुगून फुटतो. म्हणजे बाई घाईत नव्हती. नको ते ती करत नव्हती, इतकंच.

आणखी एक गंमत. यांच्याकडेही उकड आहे. तव्यावर परतायच्या डंपलिंगचं पीठ गरम पाण्यात मळतात, म्हणजे पारी मऊ राहते. हे ऐकून मला उगाचच नातं निघाल्यासारखं वाटलं.

सारणाचंही एक सांगायचं राहिलं. पहिल्याच घासाला मला जिभेच्या टोकाशी ओळखीची मुंगी चावली. मटण, कांदा, आलं, हे सगळं कळत होतं, पण हा वास कुठला? लिंबाच्या सालीसारखा, किंचित लाकडासारखा, मागून जीभ बधिर करणारा. तीन-चार खेपांनी आठवलं: तिरफळ! शेजारच्या मालवणी काकूंच्या बांगड्याच्या तिखल्यातलं तिरफळ. मैत्रिणीने सांगितलं की मटणाचा उग्र वास मारायला 'ह्वाज्याओ' गरम पाण्यात भिजवतात आणि ते पाणी थोडं थोडं घालत सारण एकाच दिशेने फेटतात. मटण ते पाणी पिऊन घेतं, म्हणून चावल्यावर रस येतो. ह्वाज्याओ आणि आपलं तिरफळ एकाच कुळातली झाडं, सख्खी नाही तरी चुलत बहिणी. काकू गेल्या तीन वर्षांपूर्वी. त्यांना फोन करून हे सांगायला फार आवडलं असतं.

या रसावरून एक गैरसमज काढून टाकते. सूप डंपलिंग ते हे नव्हेत. ते शांघायकडचे, वाफवलेले, चुण्यांचे, आणि त्यांच्यात थिजवलेला रस्सा सारणात मिसळलेला असतो, गरम झाला की वितळतो. ते इथे मिळत नाहीत. मागच्या महिन्यात एक जोडपं मोबाइलवर फोटो दाखवून तेच मागत होतं आणि काउंटरवरचा मुलगा परत परत "वेगळं, वेगळं" म्हणत होता.

ताटली आली की लगेच तुटून पडू नका. टेबलावर काळं व्हिनेगर असतं, सोया सॉस असतो आणि मिरचीचं तेल असतं. वाटीत व्हिनेगर जास्त, सोया थेंबभर, तेल वर तरंगेल इतकं. सोया जास्त पडला की सगळं खारट, मटण हरवलं. कच्चा लसूण मागितला तर मिळतो, सोललेल्या चार पाकळ्या. एक डंपलिंग, एक छोटा तुकडा लसणाचा. मैत्रिणीच्या गावाकडे असंच खातात म्हणे, आणि आमच्याकडे भाकरीबरोबर खातातच की. फक्त मग पाळीवर मास्क लावून बसावं लागतं. स्वतःसाठीच.

डंपलिंग संपले की सूप मागा. मेन्यूवर नाही, पैसे पडत नाहीत. ज्या पाण्यात डंपलिंग उकळले तेच पाणी, पांढरट, पिठाळ, कपात ओतून देतात. मीठसुद्धा नाही. चिनीत म्हण आहे की ज्या पाण्यात पदार्थ शिजला तेच पाणी तो पचवतं. मला ते प्यायल्यावर तापातून उठल्यावरची पेज आठवते. जानेवारीत बाहेर उणे दहा असताना त्या कपाची किंमत दहा डॉलर लावली तरी मी देईन. हे मात्र मालकिणीला सांगू नका.

न खायच्या गोष्टी. ग्वोथ्ये, म्हणजे तव्यावरचे: घेऊ नका. तवा लहान, गर्दी जास्त, एका बाजूने करपलेले आणि टोकाला पांढरेफटक. दोनदा संधी दिली, बास. भाताचे प्रकार कशाला ठेवलेत कळत नाही. लोणच्याच्या कोबीचे आणि डुकराचे डंपलिंग ही खरी ईशान्येची ओळख, पण तो आंबट वास पहिल्या दिवशी सगळ्यांना झेपत नाही, नंतर मागवा.

शाकाहारी मंडळींनी नीट वाचा. ८ नंबर 'अंडं आणि चायनीज चाइव्ह' (चाइव्ह म्हणजे लसणाच्या वासाची पात) हा शाकाहारी म्हणून खपवला जातो. अंडं खाणाऱ्यांनीही सावध राहावं, कारण त्यात कधीकधी बारीक सुका जवळा पडतो. मला तो आवडतो, पण माझ्या पुण्याच्या मावसबहिणीने तीन खाल्ल्यावर विचारलं, "हा समुद्राचा वास कुठून येतोय?" आणि पुढचा अर्धा तास मला ऐकावं लागलं. शिवाय भांडं एकच. मटण ज्या पाण्यात, अंडंही त्याच पाण्यात. ज्यांना हे चालणार नाही त्यांनी देवळाच्या कँटीनमध्येच सुखाने जेवावं.

पार्सल नेऊ नका, हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगते. एका सहकाऱ्याच्या निरोपाच्या दिवशी साठ उकडलेले डंपलिंग डब्यात भरून घेतले. बसमधून हॉस्पिटलात पोचेपर्यंत साठांचा एक झाला. चमच्याने उपटावे लागले, साली तुटल्या, सारण वेगळं, पारी वेगळी. शेवटी लोकांनी ते भाजीसारखे वाढून घेतले आणि वर "छान झालंय" म्हणाले. ती दया होती.

न्यायचेच तर गोठवलेले न्या. पन्नासची पिशवी २२ डॉलर. घरी फ्रीजरमधून काढून थेट उकळत्या पाण्यात, वितळवायचे नाहीत. झाऱ्याच्या पाठीने तळ हलवायचा, पुढच्या बाजूने नाही, नाहीतर फाटतात. उकळी आली की अर्धी वाटी गार पाणी, पुन्हा उकळी, पुन्हा गार पाणी, असं तीनदा. तिसऱ्या उकळीला सगळे पोट वर करून तरंगतात, की झालं. ताज्याच्या सत्तर टक्के चव येते. घरी सत्तर टक्क्यांवर माझी तक्रार नाही. दुकानात बसून साडेनऊ डॉलर मोजल्यावर तेच पुढ्यात आलं की आहे.

दुकानात बोलायचं कसं? मोठ्या बाईला 'आयी' म्हणायचं. आपल्या कानाला ते आई वाटतं, पण अर्थ मावशी, आणि तोही नेमका आईची बहीण. मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा बाईने मान वर करून मला नीट न्याहाळलं, माझे पांढरे केस बघितले आणि काहीतरी बोलली. काउंटरवरचा मुलगा हसायला लागला. ती म्हणाली होती म्हणे, "मी हिची मावशी कशी, हीच माझी ताई." तेव्हापासून ती मला 'ताज्ये' म्हणते, म्हणजे मोठी ताई. मी अजून आयीच म्हणते. आम्हा दोघींचं संभाषण एवढंच.

गर्दीचा दिवस टाळायचा तर २१-२२ डिसेंबर टाळा. वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्रीच्या दिवशी उत्तरेकडचे चिनी ज्याओत्झ खातातच. नाही खाल्ले तर कान गोठून गळून पडतात म्हणे. गोष्ट अशी सांगतात की अठराशे वर्षांपूर्वीच्या सुमाराला चांग चुंगचिंग नावाच्या वैद्याने थंडीने कान फुटलेल्या गरिबांना मटण आणि औषधी घालून कानाच्या आकाराचे डंपलिंग खाऊ घातले. खरं-खोटं देव जाणे, पण रांग खरी असते, दारापासून कोपऱ्यापर्यंत. मागच्या डिसेंबरात मी चाळीस मिनिटं उभी होते. कान शाबूत आहेत, पाय गेले.

आता ताजी खबर. गेल्या महिन्यात तीन आठवडे टेबल लख्ख होतं. मी तीनही वेळा खिडकीत बघून पुढे गेले आणि कोपऱ्यावर बन खाल्ला. चौथ्या आठवड्यात पीठ दिसलं, पण निळ्या टोपीखाली वेगळीच मुलगी, विशीतली, नखं रंगवलेली. आयी मागे उभी, मनगटाला पांढरी पट्टी बांधलेली. मुलीने लाटणं मध्यापलीकडे नेलं की आयी पट्टीच्याच हाताने तिच्या मनगटावर टपली मारायची. मी आत गेले. बारांपैकी दोन फुटले होते, एकाची कड दाताखाली कच्ची लागली. मटण तेच, तिरफळाची मुंगी तीच. पैसे देताना आयीने ताटलीकडे बघितलं, मी कडेला काढून ठेवलेली कच्ची कड तिला दिसली, आणि तिने मागे वळून मुलीला ती दाखवली.

परवा पुन्हा गेले तेव्हा फुटलेला एकच होता. आयीही आता दुपारी बारा ते दोन स्वतः बसते, पट्टी काढलीय. तेव्हा जायचं तर त्या वेळात जा, आणि गुरुवारी नको, गुरुवारी बंद असतं.